कॉलेजमधल्या मशीनमध्ये पोरांना नक्की काय हवं?

रात्रीची_बस:
काल इथे एका काकांनी लिहिलं, 'कॉलेजात व्हेंडिंग मशीन म्हणजे निव्वळ चोचले. पोरांना चिप्स आणि कोल्ड्रिंकशिवाय काही नको असतं, चांगलं ठेवलं तर पडून राहतं.' डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा काढतोय.

मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रॅक्टिकल साडेपाचला सुटतं आणि कॅन्टीनचं शटर पाचलाच खाली येतं. मग कोथरूडहून स्वारगेट, तिथून दुसरी बस, हडपसरला घरी पोचायला आठ वाजतात. डबा बारालाच संपलेला असतो. समोरच्या मशीनमध्ये चिप्सच असतील तर मी चिप्सच घेणार. ही काय आवड झाली? फुटाणे, शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याची वडी, टेट्रापॅकमधलं ताक यातलं काहीच दोन दिवसांत नासत नाही. ठेवून बघितलंय कुणी? आमच्याकडे सत्तर रुपयांचा ओट्सचा बार ठेवला. तो खपला नाही, तर म्हणे पोरांना पौष्टिक नकोच! यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०१६ मध्ये आणि परत २०१८ मध्ये कॉलेजांना जंक फूड बंद करायला सांगितलं होतं. मशीन कोण भरतं? आम्ही नाही भरत.

कर्वेनगरकर:
ते लिहिणारा मीच, आणि अजूनही तेच म्हणेन. आम्ही सायकलवर दोन डबे घेऊन जायचो, एक सकाळचा, एक संध्याकाळचा. माझा मुलगा घरी येतो तेव्हा त्याचं पोट त्या पाकिटांनी भरलेलं असतं. आई गरम पोळी वाढते आणि तो अर्धी टाकून उठतो. रोज डोळ्यांनी बघतोय.

रात्रीची_बस:
काका, दुसरा डबा करायला पहाटे कोण उठणार? आईच ना?

प्रयोगवही:
सगळे खाण्यावरच अडकलात. आमच्या दुसऱ्या मजल्यावर सॅनिटरी पॅडचं मशीन आहे. त्याला पाचचं नाणंच लागतं. सत्र परीक्षेच्या दिवशी मला गरज पडली, जवळ नाणं नव्हतं. शिपाईमावशींनी स्वतःच्या पिशवीतून काढून दिलं, मी टाकलं, तर मशीन रिकामं. जुलै २०१८ पासून पॅडवर जीएसटी नाही, पण मशीन भरायला माणूस नाही. पेपरची पंधरा मिनिटं गेली. मला मशीनकडून काय हवंय विचाराल तर आधी हे.

शनिवारपेठी:
नाण्यांचं तर बोलूच नका! पाचचं मागितलं की दुकानदार चॉकलेट हातात ठेवतो. दहाचं दिलं तर 'हे चालत नाही'. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये सांगितलं की दहाच्या नाण्याचे १४ प्रकार आहेत आणि सगळे चालतात. मी हे मोबाइलवर काढून दाखवलं तरी गल्लीतला वाणी ऐकेना. दहाची वीस नाणी घरात डब्यात पडून आहेत.

कर्वेनगरकर:
मग मोबाइलवरून पैसे द्यायचे. आजकाल भाजीवालीकडेसुद्धा क्यूआर असतो.

प्रयोगवही:
परीक्षेच्या हॉलमध्ये मोबाइल आत नेऊ देतात का, काका? तो बाहेर बॅगेत असतो. न विचारता सल्ला देऊ नका.

शनिवारपेठी:
आणि क्यूआरवाल्या मशीनमध्ये स्प्रिंग फिरते, पाकीट काचेला टेकून अडकतं, पैसे गेलेले असतात. वर चिकटवलेला नंबर कधीच लागत नाही. नाणंसुद्धा घ्या आणि क्यूआरसुद्धा ठेवा, यात अवघड काय आहे?

कर्वेनगरकर:
परीक्षेचं माझ्या लक्षात आलं नाही. पॅडचं मशीन भरलेलं हवं, आणि परीक्षेच्या दिवशी तर नाण्याशिवाय चालायला हवं. पण खाण्याचं मी मानत नाही.

कढईकाठी:
माझे बाबा एका कॉलेजचं कॅन्टीन चालवतात. कुणी आमचाही विचार करा. मशीन आलं तेव्हा आमचा बिस्किटं आणि पाण्याचा धंदा गेला, भाडं मात्र तेवढंच राहिलं. पोहे-वड्यात सुटतं किती? तेल, गॅस, दोन पोरांचा पगार. मशीनला पगार नाही, सुट्टी नाही. तुम्हाला ताक हवंय तर आमच्याकडे रोज ताजं असतं, मसाला घालून.

रात्रीची_बस:
ताई, तुमचं ताक मशीनपेक्षा चांगलंच असणार. पण साडेपाचला मिळेल का? सातपर्यंत एक खिडकी उघडी ठेवा, मी मशीनचं नावसुद्धा काढणार नाही.

कढईकाठी:
बाबा पहाटे साडेचारला उठतात. सातपर्यंत कोण थांबणार? त्यात गेट सहाला बंद होतं, तो नियम आमचा नाही, कॉलेजचा आहे.

रात्रीची_बस:
हे मला माहीत नव्हतं. मग मशीन पाचनंतरच चालू करा, दिवसभर बंद. तुमचा धंदाही जाणार नाही.

कढईकाठी:
पाचनंतर असेल तर मी आडवी येणार नाही. चिक्की ठेवा, फुटाणे ठेवा. पण वीस रुपयांची पाण्याची बाटली त्यात नको. तळमजल्यावरचा कूलर दिवाळीपासून बंद आहे, आधी तो दुरुस्त करून घ्या.

कर्वेनगरकर:
कूलरसाठी अर्ज करणार असाल तर पालक म्हणून माझी सही घ्या.