नदीकाठची सहल: सेसमी प्लेस की कालवा?

प्रेषक: सहल समिती

नमस्कार मंडळी,

गणपती पार पडले, दिवाळीला अजून अवकाश आहे, तेव्हा मधल्या एखाद्या शनिवारी सहल काढावी असं ठरतंय. गेल्या वर्षी बसवाल्याने जो घोळ घातला, तो पार्किंग लॉटमध्ये दीड तास उभं राहून दुपारचा चिवडा सकाळीच संपवणाऱ्यांना आठवत असेलच. म्हणून या खेपेला गाड्या आपापल्या आणि जागा जवळची: पेनसिल्व्हेनियातली आपली बक्स काउंटी, डेलावेअर नदीच्या काठाने. आतापर्यंत सर्वांत जास्त मतं लँगहॉर्नच्या सेसमी प्लेस या मुलांच्या करमणूक पार्कला आहेत, त्याखालोखाल पेडलर्स व्हिलेज या दुकानांच्या वस्तीला. शुक्रवारपर्यंत कळवा.

---

प्रेषक: न्यूटाउनचे काका

समितीस,

सेसमी प्लेस १९८० पासून तिथंच आहे आणि पुढेही राहील. पोरांना तिथं केव्हाही नेता येईल. पण नदीची सहल म्हणायची आणि नदीकडे पाठ करून पाळण्यात बसायचं, हे मला पटत नाही. मी या काउंटीत पस्तीस वर्षं राहतोय, तेव्हा थोडं लांबण लावतो. सहन करा.

न्यू होपला गाड्या लावा आणि डेलावेअर कालव्याच्या काठाने चाला. ईस्टनपासून ब्रिस्टलपर्यंत सुमारे ६० मैल, २३ लॉक (पाण्याची पातळी चढवून-उतरवून नाव पुढे नेणारे दरवाजे), १८३२ साली वाहतुकीला खुला. त्याआधी वरच्या डोंगरातला अँथ्रासाइट कोळसा लाकडी तराफ्यांवर घालून नदीतूनच खाली सोडायचे. नदी उथळ, खडकाळ. तराफा परत वर नेणं अशक्य, म्हणून खाली पोचला की मोडून लाकूड विकून टाकायचे. दर खेपेला नवी नाव, असा धंदा किती दिवस चालणार? म्हणून कालवा खणला. नावा खेचरं ओढायची, आणि ती ज्या पायवाटेने चालायची तीच आज आपल्या चालायच्या आणि सायकलच्या उपयोगाची. शेवटची धंद्याची नाव १९३१ मध्ये गेली.

आता खास आपल्यासाठी. लॉक जवळ आला की नावाडी शंख फुंकायचा. हो, शंख! मग लॉकवाला घरातून बाहेर येऊन दरवाजे फिरवायचा, रात्र असली तरी. न्यू होपला अकरा नंबरच्या लॉकवर त्या लॉकवाल्याचं घर अजून उभं आहे. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा डोळ्यांपुढे काकड आरतीच आली.

दुसरी जागा डॉयल्सटाउनचं मर्सर म्युझियम. हेन्री मर्सर हा पुरातत्त्वाचा माणूस. १८९७ मध्ये शेकोटीचा एक जुना चिमटा शोधायला भंगारवाल्याकडे गेला आणि तिथल्या ढिगाऱ्यासमोर त्याच्या लक्षात आलं की यंत्रं आल्यामुळे हाताची हत्यारं डोळ्यांदेखत भंगारात चाललीत. हजार वर्षांनी उकरून काढण्यापेक्षा आत्ताच गोळा करावीत. पुण्याच्या केळकर संग्रहालयात दिव्यांपुढे आणि अडकित्त्यांपुढे जे वाटतं तेच इथं वाटतं, फरक एवढाच की इथं वस्तू छताला टांगल्यात. मधल्या उंच चौकात उभं राहून मान वर केली की डोक्यावर व्हेल मारायची अख्खी होडी, घोडागाडी, पाळणे, खुर्च्या. इमारत सगळी काँक्रीटची, १९१६ ची. बॉस्टनच्या १८७२ च्या आगीत त्याच्या मावशीचा जुन्या चिलखतांचा संग्रह जळाला होता, त्याची धास्ती आयुष्यभर राहिली. जवळच त्याचं राहतं घर आहे, फाँटहिल. तेही काँक्रीटचं, आणि ते जळत नाही हे गावाला पटवायला त्याने चक्क गच्चीवर होळी पेटवली. माल वर चढवायला एकच घोडी होती, लूसी.

बाकी समितीची मर्जी.

---

प्रेषक: बेन्सेलमची वहिनी

काका, तुमचं सगळं वाचलं. मर्सरला आम्ही एकदा डिसेंबरात गेलो होतो आणि आत अंगातला कोट काढायची हिंमत झाली नाही. जिने अरुंद, स्ट्रोलर घेऊन फिरणं कटकटीचं. माझा धाकटा चार वर्षांचा आहे, त्याला चिमट्यांचा इतिहास कुणी सांगायचा?

त्यापेक्षा रिंगिंग रॉक्सला जाऊ. अपर ब्लॅक एडीच्या वर जंगलात एक मोकळं मैदान आहे, मातीचा कण नाही, नुसते काळपट धोंडे एकमेकांवर पडलेत. हातोडी मारली की त्यातले काही देवळातल्या घंटेसारखे वाजतात आणि शेजारचा, दिसायला अगदी तसाच, भद्द करतो. मुलं दोन तास हलत नाहीत. तिकीट नाही. हातोडी मात्र घरून न्यावी लागते, आणि पायात स्पोर्ट्स शूज. चपला घालून आलेल्या एका मामींना आम्हाला दोघांनी धरून खाली आणावं लागलं होतं.

---

प्रेषक: यार्डलीहून

वहिनींना दुजोरा. पण काकांनी नदीची एक बाजू सांगितली, दुसरी मी सांगते, कारण आमचं घर नदीपासून तीन गल्ल्या आत आहे. सप्टेंबर २००४, एप्रिल २००५, जून २००६: दोन वर्षांच्या आत तीन पूर. तिसऱ्या वेळी तळघरात फ्रीज आडवा होऊन तरंगत होता आणि त्यावर आमच्या लग्नाच्या अल्बमचा खोका, कोरडा! माझ्या सासऱ्यांनी ६१ साली पानशेत पाहिलेलं. ते जिन्यावर उभे राहून पाण्याकडे बघत एवढंच म्हणाले, "इथं धरण फुटलं नाही, तरी हे."

धरण नाहीच मुळी. १९५५ च्या ऑगस्टमधल्या महापुराने यार्डलीचा पूल नेला. त्याचे खांब अजून नदीत उभे आहेत. त्यानंतर वरच्या अंगाला टॉक्स आयलंडला मोठं धरण बांधायचं घाटत होतं. जमिनी घेतल्या, लोकांना उठवलं, आणि मग विरोध इतका झाला की धरण बांधलंच नाही. म्हणून मुख्य डेलावेअर आजही अडवलेली नाही. याचा आनंद मानायचा की नाही, हे जूनमध्ये विचारू नका.

---

प्रेषक: नवीन सदस्य (अजून फिलीत म्हणजे फिलाडेल्फियात, घर शोधतोय)

सर्वांना नमस्कार. सहलीला येतोच आहोत. जाता जाता विचारतो: इकडे घर घ्यावं का? शाळा, नोकऱ्या, एकूण वातावरण कसं आहे?

---

प्रेषक: डॉयल्सटाउनची ताई

शाळांचं सगळे विचारतात म्हणून थोडक्यात. सेंट्रल बक्स आणि कौन्सिल रॉक ही इथली दोन मोठी स्कूल डिस्ट्रिक्ट, दोन्हीकडे आपली मुलं आहेत. घराच्या किमतीत शाळेची किंमत धरलेली असते, हे समजून चला. न्यूटाउनला कम्युनिटी कॉलेज आहे, १९६४ चं. पहिली दोन वर्षं तिथं काढून मग मोठ्या युनिव्हर्सिटीत जाण्यात कसलाही कमीपणा नाही, उलट शहाणपण आहे. डॉयल्सटाउनची डेलावेअर व्हॅली युनिव्हर्सिटी १८९६ मध्ये शेतकी शाळा म्हणून निघाली. जोसेफ क्राउसकॉफ नावाचे रब्बाय (ज्यू धर्मगुरू) रशियात टॉलस्टॉयला भेटून आले आणि शहरातल्या ज्यू पोरांना शेती शिकवायचं डोक्यात घेतलं. आपल्यातलं कुणी दापोली-राहुरीचं असेल तर त्यांची शेतं बघून हरखून जाईल.

नोकऱ्यांचं म्हणाल तर काउंटीचा खालचा भाग लोखंडाचा. फेअरलेस हिल्सजवळ नदीकाठी १९५२ मध्ये मोठा पोलाद कारखाना आला आणि शेजारी शेतांमध्ये लेव्हिटाउन उठलं, १७ हजारांवर घरं, जवळजवळ सारखी. गोऱ्यांनाच विकायची असं ठरलेलं होतं. १९५७ मध्ये मायर्स हे कृष्णवर्णीय कुटुंब राहायला आलं तेव्हा बाहेर दिवसचे दिवस जमाव होता, दगड आले. आपल्याला आज इथं कुणी घर नाकारत नाही, त्याआधी हे घडलेलं आहे. पोलादाची भट्टी १९९१ मध्ये थंड झाली. आता त्या जागेवर गोदामं उभी राहतायत. वरच्या भागात औषध-संशोधन आहे. हिपॅटायटिस-बीचा विषाणू शोधून १९७६ चं नोबेल मिळवणाऱ्या बारूक ब्लूमबर्ग यांच्या नावाची संस्था इथलीच.

---

प्रेषक: न्यूटाउनचे काका

दोन जागा राहिल्या, त्यांचा आपल्या देशाशी संबंध आहे म्हणून लिहितो. न्यू होपला फर्निचर घडवणाऱ्या जॉर्ज नाकाशिमांची सुतारशाळा. १९३० च्या दशकात पाँडिचेरीला अरविंद आश्रमाची गोलकोंडे इमारत बांधायला होते, तिथं त्यांचं नाव सुंदरानंद पडलं. अमेरिकेत परतले, तर युद्धात जपानी वंशाचे म्हणून छावणीत डांबले गेले. सुटून आले ते इथं. फळ्याची भेग लपवायची नाही, तिला लाकडाचीच फुलपाखरी खुंटी मारायची, ही त्यांची रीत. दुसरी कादंबरीकार पर्ल बक यांची पर्कसीची शेतवाडी. एका तान्ह्या मुलाला दत्तक संस्था घर मिळवून देईनात, कारण बाप भारतीय आणि आई अमेरिकन. त्या मुलापायी बाईंनी १९४९ मध्ये स्वतःचीच संस्था काढली.

आणि जाताना राइट्सटाउनवरून जाल तर गाडी थोडी हळू घ्या. १७३७ मध्ये पेनसिल्व्हेनिया वसवणाऱ्या विल्यम पेनच्या मुलांनी इथल्या मूळच्या लेनापे लोकांकडून "दीड दिवसात माणूस चालेल तेवढी जमीन" कबूल करून घेतली. आधी रान तोडून वाट केली, मग तीन पट्टीचे चालणारे निवडले आणि राइट्सटाउनहून सोडले. दोघे वाटेत गळाले, तिसरा साठ मैलांच्या पुढे गेला. आपल्याकडे निदान वामनाने पाऊल टाकण्याआधी रूप तरी दाखवलं होतं.

(ख्रिसमसच्या दिवशी वॉशिंग्टनच्या १७७६ च्या नदीपारचं नाट्य होतं, तेही एकदा बघा. मी तीनदा गेलो. एकदा नदीच इतकी चढली होती की सैन्य पुलावरून चालत गेलं.)

---

प्रेषक: सहल समिती

ठरलं. सकाळी दहाला न्यू होप, अकरा नंबरचा लॉक, तासभर कालव्याने चालणं. ज्यांना मर्सर बघायचं आहे ते काकांबरोबर डॉयल्सटाउनला, मुलंबाळं वहिनींबरोबर रिंगिंग रॉक्सला. सेसमी प्लेसवाल्यांनी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत दम धरावा. जेवण पॉटलक: थालीपीठं आणि दही बेन्सेलम, मसालेभात यार्डली, ताक न्यूटाउन. कागदी बशा समिती आणेल. नदीकाठी कचरा राहता कामा नये. हातोड्या किमान सहा हव्यात.

आणि कुणाकडे शंख आहे का?

---

प्रेषक: यार्डलीहून

आमच्या देवघरात आहे, २००६ मध्येही वरच्या मजल्यावर होता म्हणून वाचला. घेऊन येते. वाजवता मात्र आमच्यात कुणालाच येत नाही, सासरे होते तोवर तेच वाजवायचे.

---

प्रेषक: नवीन सदस्य

मला येतो.