गरोदरपणात आणि प्रसूतीनंतर मातेचे शरीर आणि मन: अभ्यास एकत्र कसा करावा?

नीरक्षीर (प्रश्न)

नमस्कार. मी परिचर्याशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी असून गरोदरपणात आणि प्रसूतीनंतर मातांच्या शारीरिक व मानसिक स्वास्थ्यात होणारे बदल हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. सध्याच्या आराखड्यानुसार, प्रसूतीनंतर सहाव्या आठवड्याच्या तपासणीला आलेल्या ६० मातांकडून मी दोन प्रश्नावल्या भरून घेणार आहे. एक शारीरिक तक्रारींची असेल आणि दुसरी ईपीडीएस, म्हणजे नैराश्याची प्राथमिक चाचपणी करणारी एडिंबरा मापनपट्टी. त्या दिवशी माता तपासणीला येतातच आणि वेगळा पाठपुरावा करावा लागत नाही, म्हणून माझ्या मार्गदर्शिकांनाही हा आराखडा सोयीचा वाटतो.

माझी शंका निराळी आहे. प्रसूतिकक्षात ज्या स्त्रियांची शुश्रूषा मी करते, त्यांचा त्रास असा दोन कप्प्यांत विभागलेला मला दिसत नाही. टाके दुखतात म्हणून नीट बसता येत नाही, बसता येत नाही म्हणून बाळाला अंगावर पाजणे जमत नाही, आणि दोन-तीन दिवस ते जमले नाही की ‘माझ्याच्याने हे होणार नाही’ असे ती बोलू लागते. दोन प्रश्नावल्यांच्या दोन बेरजा शेजारी शेजारी मांडल्या, तर ही साखळी त्यांत दिसेल का? सहावा आठवडा हीच योग्य वेळ आहे का? आणि एकट्या विद्यार्थिनीला पेलेल अशा बेताने यात काय सुधारता येईल? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पाऊलवाट

तुमची शंका रास्त आहे. मी सार्वजनिक आरोग्याच्या संशोधनात सांख्यिकीचे काम करतो, त्यामुळे त्याच बाजूने लिहितो.

सर्वांत मोठी अडचण वेळेची आहे. सहाव्या आठवड्यात एकदाच मोजमाप केले, तर त्या दिवशी किती मातांचे गुण जास्त आले एवढेच तुम्हाला कळेल. त्यांची मनःस्थिती प्रसूतीनंतर ढासळली की गरोदरपणापासूनच तशी होती, हे त्यावरून सांगता येणार नाही. इंग्लंडमधील ब्रिस्टल परिसरात १९९१-९२ मध्ये सुरू झालेल्या ‘एव्हन लाँगिट्यूडिनल स्टडी’ या मोठ्या पाहणीत त्याच स्त्रियांना गरोदरपणी आणि प्रसूतीनंतरही हीच मापनपट्टी दिली गेली. त्यावर २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात गरोदरपणाच्या ३२ व्या आठवड्यातील गुण प्रसूतीनंतरच्या आठव्या आठवड्यातील गुणांपेक्षा जास्त असल्याचे दिसून आले. आपण ज्याला सरसकट प्रसूतीनंतरचे नैराश्य म्हणतो, त्याचा मोठा भाग प्रसूतीआधीच सुरू झालेला असू शकतो, आणि तुमच्या सध्याच्या आराखड्यात तो दिसण्याची सोयच नाही. म्हणून शेवटच्या तिमाहीतले एक मोजमाप कोणत्याही परिस्थितीत घ्यावे.

दुसरी गोष्ट संख्येची. समजा ६० पैकी ९ मातांचे गुण ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त आले, तर प्रमाण १५ टक्के निघेल. पण एवढ्या लहान नमुन्यात खरे प्रमाण साधारण ८ ते २६ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. त्यामुळे ‘नैराश्याचे प्रमाण किती’ हा प्रश्न तुमच्या आवाक्यातला नाही. तो सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच ६० मातांना तीन वेळा भेटून प्रत्येकीच्या बाबतीत आधी काय बिघडले आणि नंतर काय, हे पाहिलेत तर तुमच्या मूळ शंकेला धरून काम होईल.

मापनपट्टीच्या बेरजेबद्दलही सावध राहावे. ईपीडीएसमध्ये १० प्रश्न असतात, प्रत्येकाला ० ते ३ गुण मिळतात आणि उत्तरे मागील ७ दिवसांपुरती असतात. ही चाचपणी आहे, निदान नव्हे. अनेक अभ्यासांतील माहिती एकत्र करून २०२० मध्ये झालेल्या विश्लेषणात ११ किंवा त्याहून अधिक गुण ही मर्यादा धरल्यास मोठे नैराश्य असलेल्या सुमारे ८१ टक्के स्त्रिया ओळखल्या जातात आणि नसलेल्यांपैकी सुमारे ८८ टक्के योग्य रीतीने वगळल्या जातात, असे आढळले. म्हणजे काही स्त्रिया निसटतात आणि काहींवर विनाकारण शिक्का बसतो. प्रबंधात ‘इतक्या मातांना नैराश्य होते’ असे वाक्य येऊ देऊ नका. ‘इतक्या मातांचे गुण मर्यादेपेक्षा जास्त होते’ असेच लिहा.

निशिगंध

मी प्रसूतितज्ज्ञ आहे. वर सांख्यिकीचा भाग नेमका मांडला आहे, म्हणून मी शरीराकडे वळते, कारण मानसिक स्वास्थ्याच्या अभ्यासांत शरीराची नोंद फार त्रोटक असते आणि आमच्या तपासणीच्या कागदावर मनाची नोंद बहुधा नसतेच.

थकवा, झोप न लागणे, लक्ष न लागणे, भूक कमी होणे या तक्रारी नैराश्यात होतात. त्याच तक्रारी रक्तक्षयात होतात, थायरॉइडच्या बिघाडात होतात आणि रात्रीतून चार वेळा उठणाऱ्या निरोगी मातेलाही होतात. जॉन कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ईपीडीएस प्रसिद्ध केली, तेव्हा अशा शारीरिक लक्षणांवरचा भर त्यांनी मुद्दाम टाळला होता. झोपेचा प्रश्न त्यात आहे, परंतु तो ‘इतके दुःखी वाटते की झोप लागत नाही’ अशा अर्थाचा आहे. मुलाखत घेताना हा फरक तुम्हाला स्वतः जपावा लागेल, कारण दमलेली माता ‘झोप लागत नाही’ एवढेच ऐकते आणि बाळाच्या रडण्यामुळे होणाऱ्या जागरणाला गुण देऊन मोकळी होते. बाळ शांत झोपलेले असताना तिला स्वतःला झोप लागते का, एवढे वेगळे विचारून टिपून ठेवा. आम्हा डॉक्टरांना या एका उत्तरातून खूप काही कळते.

शक्य असेल तर प्रसूतीच्या वेळचा रक्तस्राव आणि प्रसूतीआधीचे व नंतरचे हिमोग्लोबिन नोंदींमधून अवश्य घ्या. प्रसूतीनंतर थायरॉइडला सूज येण्याचा विकार सुमारे ५ टक्के स्त्रियांना होतो आणि तो बहुधा पहिल्या वर्षात केव्हातरी डोके वर काढतो, म्हणजे सहा आठवड्यांवर थांबणाऱ्या अभ्यासाच्या नजरेआड.

आता प्रश्न विचारण्याविषयी. ‘काही शारीरिक त्रास आहे का’ असे विचारले, तर दहापैकी नऊ जणी ‘नाही’ म्हणतील आणि बाळाबद्दल बोलू लागतील. खोकताना किंवा शिंकताना लघवी सुटते का, वायू किंवा शौचावरचा ताबा गेला आहे का, संबंधाच्या वेळी दुखते का, टाक्यांच्या जागी अजून ठणकते का, असे एकेक नाव घेऊन विचारावे लागते. २०२३ च्या डिसेंबरमध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या लेखमालेनुसार, जगभरात दरवर्षी किमान ४ कोटी स्त्रियांना प्रसूतीमुळे दीर्घकाळ टिकणारा त्रास होण्याचा संभव असतो, आणि प्रसूती झालेल्या स्त्रियांत संबंधाच्या वेळी होणाऱ्या वेदनांचे प्रमाण ३५ टक्के, कंबरदुखीचे ३२ टक्के आणि शौचावरचा ताबा जाण्याचे १९ टक्के दिले आहे. हे सारे महिनोन्महिने चालते. ज्या स्त्रीला घराबाहेर पडताना कपडे ओले होण्याची धास्ती असते ती हळूहळू घराबाहेर पडणेच सोडते, आणि मग तिच्या एकटेपणाचे कारण कोणत्याही मनाच्या प्रश्नावलीत सापडत नाही. तुमची साखळी शोधायची असेल, तर माझ्या मते इथे शोधा.

सोनचाफा

मी संशोधक नाही. पहिल्या बाळंतपणानंतर अशाच एका अभ्यासात मी सहभागी झाले होते, त्या अनुभवावरून काही सांगावेसे वाटते.

माझी प्रश्नावली भरून घेतली तेव्हा घरातील दोन माणसे शेजारीच बसली होती. मुलाखत घेणारी मुलगी फार नम्र होती. परंतु ‘मागील आठवड्यात तुम्ही स्वतःला उगाचच दोष दिला का’ या प्रश्नाला त्या खोलीत खरे उत्तर देणे मला शक्य नव्हते, म्हणून मी ‘नाही, कधीच नाही’ असे सांगितले. पुढे काही आठवड्यांनी तीच प्रश्नावली टपालाने आली. ती मी रात्री एकटीने भरली आणि सगळी उत्तरे खरी दिली. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो, त्यालाही मी ‘कधीकधी’ असे लिहिले. त्यानंतर मला कोणाचाही दूरध्वनी आला नाही. कोणी तरी वाचेल आणि विचारेल, या अपेक्षेने मी ते लिहिले होते. पुढे माझ्या बहिणीच्या लक्षात आले, तिने मला डॉक्टरांकडे नेले आणि मी बरी झाले.

तुमची प्रश्नावली भरणाऱ्या बाईसाठी तो कागद मदत मागण्याची एकमेव जागा असू शकतो, हे कृपया विसरू नका. आणि जमल्यास तिला एक मोकळा प्रश्नही विचारा: या काळात तुम्हाला कोणत्या गोष्टीने बरे वाटले? मला तो कोणीच विचारला नाही.

नीरक्षीर

सर्वांचे मनापासून आभार. सोनचाफाताई, तुम्ही हे इथे लिहिलेत याबद्दल तुमची मी विशेष ऋणी आहे.

आपण सांगितल्याप्रमाणे आराखडा बदलून मार्गदर्शिकांपुढे ठेवणार आहे. त्याच मातांना तीन वेळा भेटावे, म्हणजे गरोदरपणाच्या ३२ ते ३६ आठवड्यांत, प्रसूतीनंतर सहाव्या आठवड्यात आणि सहा महिन्यांनी; शारीरिक तक्रारी नाव घेऊन विचाराव्यात; आणि त्यांतील १० ते १२ जणींच्या सविस्तर मुलाखती घ्याव्यात, असे योजले आहे. सहा महिन्यांनंतरची भेट दूरध्वनीवर घेतली तर चालेल का? शिवाय शेवटच्या प्रश्नाला शून्याव्यतिरिक्त उत्तर आले, तर मी नेमके काय करायचे, हे नैतिकता समितीला कोणत्या शब्दांत लिहून द्यावे?

पाऊलवाट

दूरध्वनी चालेल, मात्र ती त्या वेळी एकटी आहे का हे आधी विचारा आणि नसेल तर वेळ बदलून घ्या. तिसऱ्या भेटीपर्यंत काही जणी गळतील, आणि ज्यांना अधिक त्रास आहे त्याच बहुधा गळतात. म्हणून गळालेल्या मातांचे पहिल्या भेटीतले गुण उरलेल्यांशी ताडून पाहा व तो फरक प्रबंधात उघडपणे मांडा. सुरुवातीला ७५ ते ८० मातांची नोंदणी करणे शहाणपणाचे ठरेल.

निशिगंध

समितीसाठी साध्या शब्दांत असे लिहा: दहाव्या प्रश्नाचे उत्तर माता समोर असतानाच पाहिले जाईल, ते शून्याव्यतिरिक्त असल्यास एकूण गुण कितीही कमी असले तरी मी तिच्याशी खासगीत बोलेन, तिला एकटी सोडणार नाही आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांची भेट घडवून देईन. त्या तज्ज्ञांची लेखी संमती अभ्यास सुरू होण्यापूर्वी घेऊन जोडा. माहिती गुप्त ठेवण्याच्या वचनाला जिवाच्या धोक्याचा अपवाद राहील, हे संमतिपत्रात आधीच नमूद करा, म्हणजे नंतर तिला फसवल्यासारखे वाटणार नाही. दूरध्वनीवरच्या भेटीसाठी तिचा सध्याचा पत्ता आणि तिने स्वतः निवडलेल्या एका विश्वासू व्यक्तीचा क्रमांक संभाषणाच्या सुरुवातीलाच विचारून ठेवा.

आणखी एक. प्रसूतीनंतर पहिल्या काही दिवसांत रडू येणे, मन हळवे होणे हे बहुसंख्य स्त्रियांना होते आणि दोन आठवड्यांच्या आत ओसरते. पण एखादी माता अनेक रात्री न झोपताही अतिउत्साही दिसत असेल, असंबद्ध बोलत असेल, किंवा बाळाविषयी विचित्र शंका घेत असेल, तर ती प्रसूतीनंतरची तीव्र मनोविकृती असू शकते. हजारात एखाद-दुसरीला होणारा हा आजार काही तासांत बळावतो. त्या वेळी प्रश्नावली बाजूला ठेवून तिला थेट तातडीच्या विभागात न्यायचे, हेही त्याच पानावर लिहून टाका.