अपूर्णांक सरसकट खाली उतरवायचा का? वजनाच्या शीटमधल्या 'इंट'वर चर्चा

धागाकर्ता, सांगली:
हळदीच्या वजनाच्या शीटमध्ये एक्सेलचं 'इंट' (अपूर्णांक काढून खालचा पूर्णांक देणारं सूत्र) सरसकट लावावं, असं माझं स्पष्ट मत आहे. पोतं ५० किलोचं, म्हणून १,२३८ किलोला ५० ने भागलं की २४.७६ येतं. पोती भरली २४च, पंचविसावं अर्धवट. जवळचा पूर्णांक देणारं 'राउंड' २५ दाखवणार आणि गाडी भरताना एक पोतं कमी पडणार.

तासगाव:
नगांपुरतं मान्य, वजनाला मात्र हात लावू नका. बेदाण्याच्या १४८.६ किलोच्या लॉटचे १४८ करत गेलं, की दर ओळीला सरासरी अर्धा किलो जातो. २०० ओळींत जवळपास १०० किलो, आणि सगळे शेतकऱ्याच्याच अंगावर! 'राउंड'मध्ये कमीजास्त एकमेकांत फिटतं, 'इंट'मध्ये कधीच नाही. असंच कापल्याचं उदाहरण बघा: कॅनडातल्या व्हँकुव्हर शेअर बाजाराचा निर्देशांक १९८२ मध्ये १००० वर सुरू झाला. दर वेळी तिसऱ्या दशांशापुढचं कापत गेल्यामुळे नोव्हेंबर १९८३ पर्यंत तो ५२० च्या आसपास आला होता. नीट मोजल्यावर १०९८ निघाला.

मिरज:
नगांनाही डोळे झाकून लावू नका. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत ४.३५ गुणिले १०० केलं की ४३४.९९९९९९९९९९९९९४ येतं, कारण ४.३५ संगणकाच्या द्विमान (० आणि १ च्या) पद्धतीत नेमका बसत नाही. त्यावर खालचा पूर्णांक देणारं 'फ्लोअर' लावलं की ४३४. रुपयांचे पैसे करताना एक पैसा गेला. रक्कम पैशांत, वजन ग्रॅममध्ये, म्हणजे पहिल्यापासून पूर्णांकातच ठेवा. पायथनचा दशमान आकड्यांसाठीचा 'डेसिमल' प्रकार वापरणार असाल तर आकडा अवतरणचिन्हांत द्या. नाहीतर चूक जशीच्या तशी आत जाते.

विटा:
एवढा खटाटोप कशाला? 'फ्लोअर'आधी ०.०००००१ मिळवा, काम झालं.

मिरज:
ती ठिगळं झाली. किती मिळवायचं हे आकड्याच्या आकारावर ठरतं. मोठ्या रकमेत चूकही मोठी होते.

सातारा:
तूट कोणीच धरली नाही. उणे २.५ वर एक्सेलचं 'इंट' उणे ३ देतं, नुसता अपूर्णांक तोडणारं 'ट्रंक' उणे २. अडीच पोत्यांची तूट तीन दिसली की गोदामवाल्याशी वाद ठरलेला. तिथं 'ट्रंक'च हवं. पायथनचं 'इंट' तर एक्सेलच्या 'ट्रंक'सारखं शून्याकडे कापतं. नाव तेच, वागणं उलटं.

धागाकर्ता, सांगली:
तूट आणि वजन यांना 'इंट' लावणं सोडलं. पोत्यांच्या रकान्यात 'इंट'च राहील, पण भागाकार किलोऐवजी ग्रॅमचा: १२,३८,००० भागिले ५०,०००.

तासगाव:
आणि उरलेले ३८ किलो शेजारच्या रकान्यात भागाकाराची बाकी देणाऱ्या 'मॉड'ने दाखवा.