‘मी रात टाकली’ : मुक्तीचे गाणे की मरणाची चाहूल?

पेणकर

गो. नी. दांडेकरांच्या ‘जैत रे जैत’वरून जब्बार पटेलांनी १९७७ साली केलेल्या चित्रपटातले ‘मी रात टाकली, मी कात टाकली’ हे गाणे आमच्या पेण-अलिबागकडच्या स्नेहसंमेलनांत आजही स्त्रीमुक्तीचे गाणे म्हणून नाचले जाते. हा अर्थ मला अपुरा वाटतो. ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कर्नाळ्याच्या परिसरातल्या ठाकरवाडीतला ढोलिया, म्हणजे ढोल वाजवणारा, नाग्या मधमाश्यांच्या राणी माशीच्या दर्शनाची आस धरतो, माशीच्या डंखाने डोळा गमावतो आणि लिंगोबाच्या सुळक्यावरची आग्या मोहोळे उतरवण्याचा पण करतो. नवऱ्याचे घर सोडून आलेली चिंधी त्याला या सुडात साथ देते आणि विजयाच्या क्षणीच माश्यांच्या दंशांनी मरते. हे ठाऊक असताना गाणे निव्वळ आनंदाचे कसे मानावे? ढोलिया आपल्या अंगात भिनल्याचे चिंधी या गाण्यात स्वतःच सांगते. एका घरातून सुटलेली ही बाई दुसऱ्याच्या ध्यासात स्वतःला झोकून देत आहे, आणि त्या समर्पणात मला तिच्या मरणाची चाहूल ऐकू येते.

रेवदंडा

पेणकर, आपले म्हणणे मला मुळीच पटत नाही. गाते त्या क्षणी चिंधीला आपला शेवट ठाऊक नाही. तो आपल्याला ठाऊक आहे म्हणून तिच्या गळ्यात घालणे हा तिच्यावर अन्याय आहे. संपूर्ण कथेवर लिंगोबाच्या डोंगराची सावली आहे, पण या गाण्यात डोंगर नाही, माश्या नाहीत आणि सूडही नाही. आहेत ती हिरवी पाने, चांदणे आणि स्वतःला मुक्त मोरणी म्हणवणारी बाई. ‘रानातल्या कविता’ लिहिणाऱ्या ना. धों. महानोरांचे हे शब्द आहेत, आणि त्यांच्या कवितेत देहाचा आनंद पावसापाण्याइतकाच निःशंक असतो. कादंबरीने चिंधीला नाग्याच्या मागे चालायला लावले असेल, पण या गाण्यापुरती ती कोणाच्याही मागे नाही.

आपटा फाटा

आपण दोघांनीही गाण्याची चाल बाजूला ठेवली आहे. हृदयनाथ मंगेशकरांनी हे गाणे ढोलाच्या ठेक्यावर बांधले आहे आणि लताबाईंच्या आवाजाला पुरुषांच्या आवाजांची जोड दिली आहे. चिंधी एकटी गात नाही. तिच्याबरोबर वाडी गाते. आमच्या भागातल्या ठाकर समाजात काडीमोडाला आणि पुन्हा घरोबा करण्याला रीत आहे, त्यामुळे समाजाविरुद्ध पुकारलेले बंड हा अर्थ शहरी प्रेक्षकाने लावलेला आहे असे मला वाटते. तिच्या सुटकेला तिच्याच माणसांचा ढोल साथ देतो. (संमेलनांत ढोलाऐवजी यांत्रिक ठेका वाजतो, तेव्हा नेमके हेच हरवते, याचे मला मनापासून वाईट वाटते.)

पेणकर

रीत असली तरी नाग्याचा पण वाडीच्या रीतीत बसणारा नाही. लिंगोबा हा त्यांचा देव आहे आणि त्याच्या अंगावरची पोळी उतरवणे हे वाडीच्या श्रद्धेलाच दिलेले आव्हान आहे. तिथे चिंधीबरोबर कोण उभे राहते?

रेवदंडा

आपटा फाटा, काडीमोडाला रीत असेल, तर मोडक्या संसाराची लाज टाकल्याचे तिला मुद्दाम सांगावे का लागते? वाडीने ती लाज आधीच उतरवली असती तर हे शब्द तिच्या तोंडी आलेच नसते. रीत फार तर नवऱ्यापासून सोडवते. लाज मात्र बाईला स्वतःच टाकावी लागते, आणि चिंधी ती सगळ्या वाडीदेखत, नाचत टाकते.