परतलेली पालेभाजी: तुमच्या घरी कशी होते?

आमच्या कोल्हापुरात सकाळी लक्ष्मीपुरीत नाहीतर कपिलतीर्थ मंडईत चक्कर मारली की मेथी, पोकळा, तांदळी, करडई, शेपूच्या पेंड्या समोर येतात आणि पिशवी आपसूक भरते. पण घरोघरी तक्रार एकच ऐकते: पाणी सुटतं, रंग जातो, मुलं भाजी ताटात बाजूला सारतात. मला मनापासून वाटतं, यात भाजीचा दोष नाही. ती गॅसवर गरजेपेक्षा दुप्पट वेळ राहते. म्हणून हा धागा. कढई कुठली, झाकण ठेवता का, मीठ कधी घालता, सगळं लिहा.

सुरुवात मी करते. मेथी निवडून दोन-तीन पाण्यांतून काढते, चाळणीत निथळू देते आणि मगच चिरते. लोखंडी कढईत पळीभर शेंगतेल चांगलं तापलं की जिरं, हिरवी मिरची आणि ठेचलेला लसूण. लसणात हात आखडू नका. त्याच्या कडा तांबूस झाल्या की कांदा, तोही नुसता मऊ होईपर्यंत. मग सगळी मेथी एकदम टाकायची आणि मोठ्या आचेवर उलथन्यानं खालीवर करत राहायचं. कढईबाहेर येणारा पाला बघता बघता तळाशी बसतो. मीठ तेव्हा घालायचं, कारण आधीच्या ढिगाच्या अंदाजानं घातलं तर भाजी खारट झालीच म्हणून समजा. वरून शेंगदाण्याचं जाडसर कूट, एकदा हलवलं की गॅस बंद. पाला पडल्यापासून पाच-सात मिनिटं, त्यावर नाही.

शाहूपुरीतून एक ताई
मी रसायनशास्त्र शिकवते, म्हणून झाकणाबद्दल लिहिते. पानांत मुळातच थोडी आम्लं असतात. कढई उघडी असली की त्यातली बरीच वाफेबरोबर निघून जातात, झाकण असलं की तीच थेंबांतून परत खाली पडतात. आम्लामुळे हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम सुटतं आणि हिरवा रंग शेवाळी होतो. त्यामुळे लिंबूही कढईत नको, ताटात पिळा. त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे भाजीतलं लोह अंगी जास्त लागतं.

कसबा बावड्यातून एक शेतकरी दादा
पेंडी घेताना आधी देठ मोडून बघा. कट्कन मोडला तर कोवळी. नुसता वाकला, तुटंना, तर जून झाली, ती किती बी परता, दातात अडकणार. दुपारनंतर घेताय तर बंद सोडून आत बघा. पाणी मारून मारून वरनं ताजी दिसती, आत पानं चिकट झालेली असत्यात. आणि पोकळ्याचं कोवळं देठ टाकू नका हो! बोटाच्या पेराएवढं चिरून आधी फोडणीत घाला, पाला मागनं. निम्मी चव त्यातच हाय.

उद्यमनगरातून
आम्ही दोघंही नोकरीला, सकाळची भाजी माझ्याकडे. रात्री निवडून कोरड्या सुती कापडात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवतो. मूगडाळ पहाटे उठल्याउठल्या भिजत घालतो, अंघोळ होईपर्यंत ती नखानं तुटते. फोडणीत आधी डाळ, पाण्याचा हबका, मग पाला. डब्यात भरण्याआधी भाजी ताटात पसरून गार करायची. गरम भरली की झाकणाला धरलेलं पाणी खाली उतरतं आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत भाजी चिकट होते.

मंगळवार पेठेतून
कांदालसूण चटणीचं कुणीच लिहिलं नाही? आमच्याकडे तिच्याशिवाय फोडणी नाही.

*मी:* वहिनी, करडईला चटणी शोभते, थंडीत मीही घालते, भिजवलेल्या हरभरा डाळीबरोबर. मेथी आणि शेपूला मात्र नको वाटते. त्यांचा वास हीच त्यांची खासियत, चटणीतला खोबऱ्या-तिळाचा मसाला तो झाकून टाकतो.

गगनबावड्याकडून
पावसाळ्यात आमच्या बाजूला रानभाज्या येतात. टाकळा पहिल्या पावसानंतरचा, अगदी कोवळा असतानाच घ्यायचा. कुर्डूची पानं माठासारखीच परतायची, लसूण-मिरची पुरे. भारंगी मात्र या धाग्यात बसणार नाही. ती कडू, उकळून पाणी पिळून टाकल्याशिवाय खाता येत नाही, घाई करणाऱ्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये. आणि ओळख नसेल तर स्वतः खुडायला जाऊ नका, जाणत्या बाईकडूनच घ्या.

राजारामपुरीतून
ऑगस्ट 2019 चा महापूर. पंचगंगेकाठचे मळे पाण्याखाली, रस्ते बंद, मंडईत हिरवं पान दिसेना. शेजारच्या काकूंच्या परसात शेवगा होता. त्यांनी आकडीनं फांद्या ओढल्या आणि गल्लीत वाटल्या. काडी शेंड्याला धरून दोन बोटांत उलटी ओढली की सगळी पानं हातात येतात, बारीक काड्या तेवढ्या वेचायच्या. हा पाला मेथीसारखं पाणी सोडत नाही, म्हणून दोन-तीन चमचे पाणी शिंपडावं लागतं. लसूण, सुकी मिरची, मूठभर कूट. आमच्या घरात तेव्हापासून शेवग्याचा पाला आवडीनं होतो, आता दारात आमचंही झाड आहे.

जवाहरनगरातून
लाल माठ परतला की ताटभर लाल पाणी. काय करू?

*मी:* त्याचा लाल रंग पाण्यात विरघळतो, म्हणून चिरलेला माठ पाण्यात घालूच नका. आधी धुवा, पंख्याखाली पसरून कोरडा करा, मग चिरा. कढई पसरट घ्या. भाजी जास्त असेल तर दोन घाण्यांत परता, कारण खोल भांड्यात खच्चून भरलेला पाला वाफेवर शिजतो आणि पाणी तिथंच सुटतं.

शिवाजी पेठेतून, आजी सांगतात ते नातू लिहितोय
भाकऱ्या आधी करून घ्याव्या. सगळ्या झाल्या, माणसं पाटावर बसली, की मग कढई चढवावी. पालेभाजी करून ठेवायची आणि पुन्हा गरम करायची, हे आजीला अजिबात पटत नाही. शेपूत ती लसूण दुप्पट घालते आणि मूगडाळ थोडी जास्त, म्हणजे शेपूचा वास नको म्हणणारेसुद्धा मागून घेतात. आमच्या घरात तो मागून घेणारा मीच.