‘ऐकत नाही’ की ‘ऐकू येत नाही’?

मी ठाण्यात पदवीच्या मुलांना अर्थशास्त्र शिकवते. गेल्या सत्रात एका विद्यार्थिनीच्या नावापुढे कुणीतरी शेरा मारला होता : ‘वर्गात ऐकत नाही.’ तिच्या कानामागे श्रवणयंत्र होतं, केसांखाली झाकलेलं. ‘ती ऐकत नाही’ म्हटलं की कर्ता ती, दोषही तिचा. शिवाय ‘ऐकणे’ म्हणजे सांगितलेलं मानणे, हा अर्थ येऊन चिकटतोच. ‘तिला ऐकू येत नाही’ हे मात्र भूक लागते, थंडी वाजते, त्या जातीचं वाक्य. त्यात ती काही करत नाही, तिला तसं होतं.

मीही चुकलेच. फळ्याकडे तोंड करून बोलत होते, मध्येच वळून ‘समजलं का?’ विचारलं, तिने मान डोलावली. नंतर वही पाहिली. पानभर ‘पतनिर्मिती’च्या जागी ‘मतनिर्मिती’. प, ब, म ओठांवर सारखेच दिसतात, हे मला तेव्हा कळलं.

आता महाविद्यालयाचं सूचनापत्रक मला लिहायचं आहे. बहिरे, कर्णबधिर, मूकबधिर, श्रवणबाधित, यांतलं काय लिहू?

प्रतिसाद, डोंबिवलीहून

‘बहिरा’ हा संस्कृत ‘बधिर’चाच नातू, दधिचं दही झालं तसा. शब्दात शिवी नव्हती, आपण हाका मारून मारून ती भरली. ‘कर्णबधिर’मधला कर्ण फुकटचा नाही, कारण मराठीत दात काढण्याआधी हिरडीही बधिर करतात. ‘मूकबधिर’ मात्र काढून टाकाच. ऐकू येत नाही म्हणून कुणी मुका होत नाही. बहुतेकांचा आवाज शाबूत असतो, आणि जे हातांनी बोलतात ते तर बोलतातच.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन गट आहेत : दोन्ही कानांत, बोलण्यातले आवाज ज्या कंपनसंख्यांचे असतात त्या पट्ट्यात, ७० डेसिबल श्रवणहानी असलेले कर्णबधिर, आणि ६० ते ७० असलेले कमी ऐकू येणारे. दोघांना एकाच शब्दात कोंबू नका, त्यांच्या गरजा वेगळ्या असतात.

प्रतिसाद, ऐरोलीहून

माझा धाकटा भाऊ वाशीत शिकतो, जन्मापासून ऐकू येत नाही. त्याची मित्रमंडळी खुणेने स्वतःला सरळ ‘बहिरे’ म्हणतात, ताठ मानेने. ‘श्रवणबाधित’ त्याला दवाखान्याच्या कागदासारखा वाटतो. शब्द ठरवण्याआधी त्या मुलीला विचारलंत का?

त्याला सलणारं वाक्य वेगळंच आहे. कँटीनमध्ये सगळे हसतात, तो ‘काय झालं?’ विचारतो, आणि उत्तर येतं, ‘काही नाही, नंतर सांगतो.’ ते नंतर कधी येत नाही. दिवसभर ओठ वाचून संध्याकाळी तो इतका थकलेला असतो की आईशीही बोलायला नको म्हणतो. आम्ही आधी त्याला घुम्या समजायचो. ‘समावेशक शिक्षण’ हा शब्द मला म्हणूनच अपुरा वाटतो. यादीत समावेश झाला, बाकही मिळाला, पण सामावून कुणी घेतलं? ‘सामावून घेणे’ हे आपलं क्रियापद आहे, त्यात घेणारा लागतोच.

आणि ‘खाणाखुणा’ नको. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे. तिच्या संशोधन व प्रशिक्षणासाठी २०१५ पासून दिल्लीत राष्ट्रीय केंद्र आहे.

पुन्हा धागाकर्ती

विचारलं. तिने वहीवर ‘कर्णबधिर’ लिहिलं, आणि खाली, ‘पण नावाने हाक मारा.’ पत्रकात ‘कर्णबधिर व कमी ऐकू येणारे विद्यार्थी’ असं लिहिते. तो शेरा बदलून घेतला : ‘पुढच्या बाकावर बसवावे, तिच्याकडे तोंड करून बोलावे.’ नवी संज्ञा आता मी आधी फळ्यावर लिहिते, मग वळून बोलते.

एक शब्द अजून हवा आहे. लिहायला मान खाली घातली की ओठ सुटतात, म्हणून शेजारची मैत्रीण तिच्यासाठी टिपणं घेते. तिला काय म्हणायचं? ‘लेखनिक’ तर परीक्षेत उत्तरपत्रिका लिहिणारा. ‘टिपणकार’ चालेल का?