गणपतीच्या आधी दोघंच सापुताऱ्याला, कारने. आराम होईल का?

दांडियाबाजारची सून

नमस्कार मंडळी. गणपती बसले की आमच्या बडोद्याच्या घरातली पंगत विसर्जनापर्यंत उठत नाही. म्हणून त्याआधीच्या शनिवार-रविवारी आम्ही दोघंच कुठेतरी डोंगरात जाऊन यायचं म्हणतोय. मुलगी आजी-आजोबांजवळ राहील. दक्षिण गुजरातेतल्या डांग जिल्ह्यातलं सापुतारा जवळजवळ ठरलंय. गाडी आमचीच, सीएनजीवाली वॅगनआर, जुनी पण नीट ठेवलेली.

आता अडचणी ऐका. मला घाटात गाडी लागते. पावागडला माचीपर्यंतच्या त्या एवढ्याशा चढातसुद्धा मी पिशवी हातात धरून बसते. नवरा मकरपुऱ्याला जीआयडीसीत शिफ्ट करतो, आठवडाभर झोप अर्धवट. पण फिरायला निघाला की त्याच्या अंगात गाइड संचारतो. फोनमध्ये यादी तयार आहे: गिरा धोध (म्हणजे धबधबा), बोटॅनिकल गार्डन, सनराइज पॉइंट, सनसेट पॉइंट, इको पॉइंट, टेबल पॉइंट, रोपवे, मधाचं केंद्र, स्टेप गार्डन, हातगड. हे सगळं दीड दिवसात! मी म्हटलं, मला नुसतं गॅलरीत बसून चहा प्यायचाय. तर म्हणतो, चहा काय घरी मिळत नाही?

आणि सासूबाई. सापुतारा शब्द कानावर पडायचा अवकाश, लगेच, "मग वणी काय, तिथून हाकेच्या अंतरावर. देवीची ओटी भरून या." सप्तशृंगी आमची कुलदेवी, त्यामुळे तोंड उघडता येत नाही.

तर, रस्ता कुठला घ्यावा? सीएनजी कुठपर्यंत मिळतो? वणी जोडावं का? लायसन्स माझ्याकडेही आहे, अलकापुरी-फतेगंज मी रोज चालवते, पण हायवेला हा स्टिअरिंग सोडत नाही. ज्यांनी स्वतःच्या गाडीने केलंय त्यांनीच सांगा, व्हॉट्सअपवरचं नको.

सुरसागरकाठी

एवढ्या लांब कशाला जाता? पावागड आहे की, पन्नास किलोमीटर. खाली चांपानेर बघा, 2004 पासून युनेस्कोच्या यादीत आहे आणि आपल्यातल्या निम्म्या लोकांनी जामा मशिदीचं कोरीव काम धड पाहिलेलं नसतं. रोपवेने वर जा, संध्याकाळी घरी जेवायला. पेट्रोल वाचलं, हॉटेल वाचलं.

दांडियाबाजारची सून

पावागडला जाऊन सुट्टी होत नाही हो, तिथे रांगेत ओळखीचे चार जण भेटतात आणि घरी फोन जातो.

निवृत्त स्टिअरिंग

ताई, नोकरीच्या निमित्ताने मी बरीच वर्षं दक्षिण गुजरातेत गाडी हाकली आहे, डांगात तर विशेष. सविस्तर लिहितो, घाई असेल तर नवऱ्याला वाचायला द्या.

रस्ते दोन. पहिला: हायवेने भरूच, कामरेज, नवसारीवरून चिखली, तिथे डावीकडे वळून वांसदा, वाघई आणि वर सापुतारा. साधारण तीनशे किलोमीटर, चहा-नाश्ता धरून सहा तास. दुसरा: बारडोली, व्यारा, सोनगढ, आहवा. जंगल या दुसऱ्या रस्त्याला जास्त दाट, आणि सोनगढचा किल्ला म्हणजे पिलाजीराव गायकवाडांचं मूळ ठाणं. बडोदं हाती आलं त्याच्या आधीपासूनचं. राजवाड्याचं कौतुक करणाऱ्या प्रत्येक बडोदेकराने तो डोंगर एकदा बघावा असं माझं मत आहे. पण तुम्ही या वेळी बघू नका. आहव्याकडून वळणं फार, आणि तुम्हाला गाडी लागते. चिखलीवरूनच जा.

पहाटे पाचला घर सोडा. पाच म्हणजे पाच, "निघतोय निघतोय" करत साडेसहा नव्हे. भरूच-अंकलेश्वरच्या टापूत ट्रकांची रांग लागली की आरामाची सहल तिथेच संपते. कामरेज आठच्या आत मागे टाकायचं. निघताना सेव-उसळ खाऊ नका, कितीही मोह झाला तरी. थोडे पोहे, नाहीतर कोरडी भाकरवडी, आणि भरूचची खारी शिंग, म्हणजे खारे शेंगदाणे, हाताशी. रिकाम्या पोटीही घाट त्रास देतो, तुडुंब पोटी तर देतोच.

सीएनजी हायवे सोडण्याआधी चिखलीच्या आसपास भरून घ्या. पुढे मिळेल या भरवशावर राहू नका. पेट्रोलची टाकीही निदान अर्धी असू द्या, कारण वाघईनंतर गाडी पेट्रोलवर टाकायची आहे. सीएनजीवर चढाला ओढ कमी पडते, मग नवरा पहिला गियर टाकून इंजिन किंचाळायला लावणार आणि तुमचं पोट ढवळणार.

वाघईला थांबा, आणि खरोखर थांबा. बिलीमोऱ्याहून येणारी नॅरोगेज रेल्वे इथे संपते. त्रेसष्ट किलोमीटरची ही लाइन सयाजीरावांच्या काळात बडोदे संस्थानाने टाकली, डांगातलं सागवान खाली आणायला. अजून चालते, मधल्या काळात बंद पडून पुन्हा सुरू झाली. स्टेशनाबाहेर दहा मिनिटं उभं राहिलात तरी पुरे. गिरा धोध तिथून तीन-चार किलोमीटरवर. गणपतीच्या आधी म्हणजे पाणी भरपूर, लाल-तपकिरी, आवाज दुरूनच येतो. खडकावर उतरून फोटो काढण्याचा नाद करू नका, दगड शेवाळलेले असतात. वाटेत बायका बांबूच्या टोपल्या आणि नागलीचे पापड घेऊन बसलेल्या असतात. घासाघीस न करता घ्या. बोटॅनिकल गार्डन चांगलं आहे, बांबूच्या जाती बघण्यासारख्या आहेत, पण ते नीट बघायला अर्धा दिवस लागतो. यादीतून उडवा.

आता मुख्य मुद्दा. वाघईपासून गाडी तुम्ही चालवा.

थट्टा करत नाही. स्टिअरिंगवर असणाऱ्याला गाडी क्वचितच लागते. वळण कुठे येणार हे चालवणाऱ्याच्या डोळ्यांना आणि हातांना आधीच माहीत असतं, शेजारी बसणाऱ्याला ते उशिरा कळतं. त्यातून नवरा रात्रपाळीचा, पहाटे उठून अडीचशे किलोमीटर चालवून आलेला. घाटात त्याच्याच डोळ्यांवर झापड येणार. त्याला बाजूला बसवा.

वाघई ते शामगहान रस्ता सोपा आहे, झाडीतून चढ-उतार. तेवढ्यात हात बसेल. शामगहानपासून शेवटचा घाट, तिथे खरा चढ. दुसऱ्या गियरमध्ये सावकाश. वळणाआधी हॉर्न, वळणावर आपली बाजू सोडायची नाही. समोरून एसटी वळण कापत आली तर थांबायचं, हिशेब करायचा नाही. ढग रस्त्यावर उतरले असतील तर दिवे लो बीमवर. हाय बीम लावला की समोर पांढरी भिंत दिसते आणि बाकी काही नाही. उतरताना ज्या गियरने चढलात त्याच गियरने उतरा, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, जळका वास येईपर्यंत लोक बसतात. आणि चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. हे सुरतवाल्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

हॉटेल तळ्याजवळ घेऊ नका. शनिवारी रात्री तिथे सुरत आणि नाशिक दोन्ही उतरलेलं असतं, पावसाळ्यात वर सरकारी मान्सून फेस्टिव्हलही असतो, लाउडस्पीकर चालू. दरीकडे तोंड असलेली खोली मागा. फोनवर "व्हॅली व्ह्यू" सगळेच म्हणतात, म्हणून गॅलरीत उभं राहून काढलेला व्हिडिओ पाठवायला सांगा. गॅलरीला दार आहे की नुसती खिडकी, हेही विचारा.

यादीचं काय करायचं? पावसाळा ती यादी आपोआप कापतो. सनसेट पॉइंटवर सूर्य दिसेल याची खात्री त्या दिवसांत खुद्द सूर्यालाही नसते. सनराइजचंही तेच. शनिवारी संध्याकाळी टेबल पॉइंटला गाडी नेऊ नका, वर घोडे, मक्याची कणसं आणि गाड्यांची कोंडी. रविवारी सकाळी सात वाजता चालत निघा, तेव्हा तिथे कुत्री आणि ढग एवढेच असतात. त्याला एक गोष्ट निवडू द्या, एकच. हातगड निवडला तर उत्तम. पाच-सहा किलोमीटरवर, महाराष्ट्राच्या हद्दीत. पायथ्यापासून अर्धा-पाऊण तासाची चढण, वरून दोन्ही राज्यांचे डोंगर दिसतात. परत येताना नाक्यावर गाडी तपासतात, हे कशासाठी ते नवऱ्याला माहीत असेल.

वणीबद्दल माझं मत विचाराल तर नाही. पण कुलदेवीच्या बाबतीत मी कोण बोलणार.

नाशिकची माहेरवाशीण (हल्ली मांजलपूर)

वणीचं मी बोलते, माझं माहेर तिकडचं.

"हाकेच्या अंतरावर" म्हणजे सापुताऱ्याहून गड पन्नास-साठ किलोमीटर, तोही डोंगरी रस्ता. पायथ्याच्या नांदुरीहून पुन्हा दहाएक किलोमीटरचा घाट. वर गाडी लावून देवळापर्यंत पाचशेच्या आसपास पायऱ्या, नाहीतर 2018 पासून ट्रॉली आहे, पण रविवारी तिची रांग पायऱ्यांपेक्षा जास्त वेळ खाते. दर्शन झालं, ओटी भरली, खाली आलात की दुपारचे दोन. तिथून बडोदं गाठायचं म्हणजे पुन्हा दोन घाट उतरायचे आणि साडेतीनशे किलोमीटर. सोमवारी सकाळी तुमच्या मिस्टरांची शिफ्ट असेल ना?

आणि खरं सांगू का, त्या देवीसमोर धावत जाऊन धावत यायचं नसतं. अठरा हातांची, डोंगराच्या कपारीतली ती मूर्ती, 2022 पर्यंत शेंदराने माखलेली, आता मूळ रूपातली. पाच मिनिटं नुसतं समोर उभं राहायला मिळालं पाहिजे. सासूबाईंना घेऊनच जा. मार्गशीर्षात जा. चैत्रात आणि नवरात्रात नको, त्या दिवसांत खाजगी गाड्या नांदुरीलाच अडवतात आणि वर एसटीने जावं लागतं. म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात. "तुम्हाला सोडून आम्ही एकट्याने ओटी कशी भरणार?" एवढं वाक्य टाकून बघा.

सुरसागरकाठी

मान गये ताई. हे वाक्य मी पण घरी वापरणार. बाकी माझा पावागडचा आग्रह मागे.

दांडियाबाजारची सून

सगळ्यांना खूप धन्यवाद! वाक्य काल रात्रीच टाकलं. सासूबाई आधी गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "हो, तेही खरंच. मार्गशीर्षात मग गुरुवार बघून ठेव." त्यांनी स्वतःच कालनिर्णय काढला. एक आघाडी सर.

नवऱ्याला काकांची पोस्ट वाचून दाखवली. गाडी मी चालवणार इथपर्यंत ऐकून घेतलं, वर "क्लच जपून" म्हणाला. यादीवरून मात्र वाद झाला. शेवटी हातगड आणि रोपवे यांत अडकलाय. मी म्हटलं एकच. अजून विचार करतोय, एखादं घर घ्यायचं असल्यासारखा.

दरीकडची खोली मिळाली. व्हिडिओ मागितल्यावर पहिल्या हॉटेलवाल्याने पार्किंगचा पाठवला, तो सोडला. दुसऱ्याने गॅलरीचा पाठवला, खुर्च्या दोन आहेत, समोर धुकं. तिथेच पैसे भरले.

काका, दोन गोष्टी राहिल्या. गाडी लागण्याची गोळी घ्यावी का? आणि वर जेवायला काय चांगलं मिळतं? पंजाबी-चायनीज सगळीकडेच असतं, ते नकोय.

निवृत्त स्टिअरिंग

गोळी घेऊन स्टिअरिंगवर बसू नका, मुळीच नाही. त्या बहुतेक गोळ्यांनी झोप येते. चालवणार असाल तर आवळा सुपारी नाहीतर आल्याची वडी तोंडात ठेवा, खिडकी दोन बोटं उघडी. परतीला शेजारी बसणार असाल तर तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या.

जेवायला डांगी थाळी शोधा. नागलीचा रोटला, उडदाची डाळ, बांबूच्या कोंबांचं लोणचं, वर हिरव्या मिरचीचा ठेचा. थाळी करणारी छोटी घरगुती हॉटेलं वाघई ते सापुतारा रस्त्यावर भेटतात, बाहेर चूल दिसली की थांबा. रोटला सांगितल्यावर थापतात, त्यामुळे वीस मिनिटं लागतील. नवऱ्याला तेवढ्यात यादी काढू देऊ नका.

रविवारी अकराच्या आत खोली सोडा. त्याहून उशीर केलात तर सुरतच्या पुढे सगळं गुजरात घरी परतत असतं.

दांडियाबाजारची सून

लिहून घेतलं. तो रोपवे म्हणतोय.

निवृत्त स्टिअरिंग

ढग असतील तर बंद ठेवतात. हातगडाला पायात बूट घालायला सांगा.